पत्र्याच्या देवाची मान

"पत्रेश्वर भगवान की जय!"

सिडकोतल्या त्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. निफाडहून टेम्पो भरभरून आले होते, मालेगावकडची माणसं पहाटेपासून रांगेत होती. गणपती बोळवून महिना झाला, नवरात्र सरलं, तरी मंडळाचा मांडव उतरायचं नाव घेत नव्हता. कारण मांडवात देव उभा होता ना! माणसाएवढा उंच, तेलाच्या डब्यांचं अंग, स्कूटरच्या हेडलाइटचे डोळे आणि गळ्यात झेंडूच्या माळा. काही विचारलं की हा देव मान हलवायचा. वरखाली हलली की होकार, आडवी हलली की नकार. बाया कानशिलावर बोटं मोडत होत्या आणि बाप्ये चपला हातात धरून उन्हात ताटकळत होते.

देवाशेजारी लोहानंद महाराज. आवाज असा की लाउडस्पीकरलाही लाज वाटावी.

"भक्तहो, सत्ययुगात देव सोन्यात राहिला. त्रेतायुगात चांदीत, द्वापारात तांब्यात. कलियुगात तुम्ही त्याच्यासाठी काय ठेवलंय? पत्रा! देव म्हणाला, पत्रा तर पत्रा! ज्याला शंका असेल त्याने खुशाल घरी जावं. शंकेखोराच्या घरात मीठसुद्धा नासतं!"

मीठ कधी नासतं का हो? पण विचारतो कोण!

एक जण मात्र कोपरं मारत, शिव्या खात पुढे घुसत होता. त्याचं नाव ज्ञानेश, अंबडच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन. आणि हा देव त्यानेच बनवला होता.

झालं होतं असं. ज्ञानेशच्या मुलीला, योगिनीला, नवव्या वर्षी मधुमेह झाला. लहान मुलांना होतो तो, इन्सुलिनवाचून न भागणारा. रोज सकाळ-संध्याकाळ सुई. सुई टोचली की पोर रडायची आणि तिची आई सुवर्णा तोंड फिरवून रडायची. एकदा केबलवर इंग्रजी सिनेमातला रोबो बघून योगिनी म्हणाली, "पप्पा, मला असा पाहिजे." बापाने वर्षभर रविवार घातले आणि गॅलरीत हुबेहूब तसा रोबो उभा केला. मान हलवायला खेळण्यांच्या दुकानातल्या रिमोटच्या गाडीचं सर्किट बसवलं. पोर हरखली. मग मंडळाची मुलं आली. "काका, देखाव्याला द्या की!" याने आनंदाने दिला. गणपती गेले, पण रोबो परत आला नाही. रिमोट म्हणे हरवला. आणि पुढच्याच आठवड्यात कुठूनसे हे लोहानंद उगवले.

तीच योगिनी आता त्या रोबोच्या पायाशी चटईवर पडली होती. ओठ सुकलेले, डोळे अर्धे मिटलेले, श्वास भात्यासारखा चाललेला. सकाळपासून उलट्या. परवा सुवर्णाने देवाला विचारलं होतं, "पोरीची सुई बंद करू का?" देवाने मान डोलावली. त्या माउलीने इन्सुलिनच्या बाटल्या गोदावरीत सोडल्या आणि नवऱ्याला 'दिली हो सुई' म्हणून सांगत राहिली. आज शेजारणीने कारखान्यात फोन केला तेव्हा ज्ञानेशला कळलं.

"सुवर्णा, ऊठ! हिचा श्वास बघ. आधी दवाखान्यात चल."

"हात लावू नका तिला. देव परीक्षा बघतोय."

"अगं, कसला देव? मी बनवलाय तो! तुझ्या डोळ्यांदेखत! पोटात वायपरची मोटर आहे, डोळे आपल्या जुन्या स्कूटरचे आहेत!"

त्याला वाटलं, आता लोकांचे डोळे उघडतील. कसले उघडतायत! रांगेत पुढे निफाडकडची गोजराबाई उभी होती, तिने उलट त्यालाच झापलं.

"आरं बाबा, गणपती बी कुंभारच बनवितो. म्हनून कुंभार काय देवाचा बाप झाला व्हय? पत्रा तुझा आसंल, प्रान म्हाराजांनी घातलाय!"

पत्रा पत्राच आहे हे तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्याने पोरीला उचलायला हात घातला तर कार्यकर्त्यांनी कॉलर धरून त्याला मांडवाबाहेर फेकलं. पोलीस चौकीत गेला तर "घरगुती भानगड आहे, घरात मिटवा" म्हणून वाटेला लावलं. मांडवामागच्या बांबूला धरून तो ढसाढसा रडला. आपणच बनवलेलं खेळणं आपली पोर गिळायला निघालंय आणि आपल्याला काही करता येत नाही!

डोळे पुसताना त्याची नजर देवामागे बसलेल्या सहादूवर गेली. हा महाराजांचा पट्टशिष्य. उजवा हात जपमाळेच्या पिशवीत, गोमुखीत, डोळे मिटलेले. पण जपाची बोटं कशी संथ फिरतात! याची गोमुखी कोणी प्रश्न विचारला की तेवढ्यापुरती गचके खायची आणि लगेच देवाची मान हलायची. ज्ञानेशला झटकन आठवलं, शेजारच्या घरात तसलीच गाडी चालवली की गॅलरीतला रोबोही मान वाकडी करायचा. एका जातीच्या रिमोटला दोन्ही खेळणी ओळखायची आणि ज्याचा रिमोट जवळ त्याचा जोर जास्त.

तो पळत सुटला. खेळण्यांच्या दुकानातून तसलीच गाडी घेतली, मेडिकलमधून इन्सुलिन आणि सुई. परत आला तो हात जोडूनच.

"चुकलो महाराज. आता देवालाच विचारू द्या."

महाराज प्रसन्न झाले. असा वळलेला गडी म्हणजे फुकटची जाहिरात की! ज्ञानेशने थेट देवाचे पाय धरले. हातातल्या रुमालाखाली रिमोट होता.

"देवा, पोरीला सुई देऊ का रे?" सुवर्णाने रडत विचारलं.

मान वरखाली हलली. सहादूने खाडकन डोळे उघडले. महाराजांनी आ वासला. ज्ञानेशने पुढे केलेल्या बाटलीतून सुवर्णाने सुई भरली आणि पोरीला दिली. जिंकलं, ज्ञानेशला वाटलं.

"चल आता दवाखान्यात. नुसत्या सुईने भागायचं नाही."

"थांबा, दवाखान्याचं कुठं विचारलंय? विचारते. आणि उद्याच्या सुईचं उद्या येऊन विचारू."

तेवढ्यात मागून गोजराबाई पुढे सरकली. "देवा, माज्या ल्योकाला फिट येत्यात. गोळ्या बंद करू का?"

सगळी गर्दी मानेकडे बघत होती. ज्ञानेशचा अंगठा कळेवर होता. आज तो नाही म्हणेल. पण उद्या तो कारखान्यात असेल आणि अंगठा सहादूचा असेल!

"मी हलवली मान!" तो ओरडला. "आत्ता हो म्हणालो तो मी!" त्याने रिमोट सुवर्णाच्या हातात कोंबला.

"तुम्ही... तुम्ही मला फसवलंत?"

"हो, फसवलं. पोर मरत होती गं! पण परवा कोणी फसवलं तेही बघ. दाब, तूच दाब!"

"देवद्रोही! धरा त्याला!" लोहानंद गरजले. कार्यकर्ते धावले, पण सुवर्णाने कळ दाबली होती.

"पोरीची सुई बंद करू?" मान हो म्हणाली.

"पोरीची सुई बंद करू?" दुसरी कळ. मान नाही म्हणाली.

देव तोच, प्रश्न तोच. कार्यकर्ते जागीच थबकले. मग सुवर्णा महाराजांकडे वळली. "हा लोहानंद लबाड आहे?" मान हो हो हो करत राहिली. कोणीतरी फिस्सकन हसलं. ज्ञानेशने सहादूकडे बोट दाखवलं, तशी गोजराबाईने त्याच्या हातातली गोमुखी हिसकावली तर आतून जपमाळ नाही, काळा रिमोट पडला. महाराज मागच्या कनातीतून पसार झाले ते पुन्हा दिसले नाहीत.

योगिनी वाचली, पण पाच दिवस दवाखान्यात सलाईनवर होती. डॉक्टर सुवर्णाला रागावले नाहीत. त्यांनी तिला समोर बसवून इन्सुलिन अंगात काय करतं ते समजावलं. तिने आधी भीतभीत, मग चिडून, मग न थांबता प्रश्न विचारले.

मंडळी, मूर्ती कोणी घडवली एवढंच विचारून भागत नाही. कोणी तुमच्या औषधाला हो-नाही म्हणायला लागला की तोच प्रश्न दोनदा विचारा आणि उत्तर देणारा अंगठा कोणाचा आहे ते शोधा. योगिनीचं नशीब, तिचा बाप इलेक्ट्रिशियन होता. सगळ्याच पोरींचे बाप इलेक्ट्रिशियन नसतात.