मिक्सरमधल्या टॉर्टिया

साहेब, तुम्ही अन्नाचा खून करता. तुम्हाला चोर म्हणायचीही सोय नाही. चोराला निदान भूक लागलेली असते. तुमच्या वृद्धाश्रमात ताटातलं सगळं एकत्र मिक्सरमध्ये फिरवतात आणि जो राखाडी लगदा वाटीत पडतो, त्याला तुम्ही जेवण म्हणता. तो चमच्यावरून शेंबडासारखा लोंबतो.

इस्त्रीवाल्या मावशीनं तो तोंडात घ्यायचं सोडलं. मावशी म्हणजे धाकटीच्या, त्या घरातल्या शेवटच्या लेकीच्या, आईची मैत्रीण. रक्ताची कुणी नव्हे. पण आई अंथरुणाला खिळली तेव्हा धाकटीला आणि तिच्या भावंडांना हिनंच इस्त्रीच्या दुकानात बसवून भरवलं. आता मावशीचं खुब्याचं हाड मोडलेलं, धाकटीचं घर चौथ्या मजल्यावर आणि जिना अरुंद, म्हणून ती तुमच्या पदरात. सोमवारपर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालू, असं तुम्ही धाकटीला सांगितलंत.

"मग खाशील तरी काय?" धाकटीनं मावशीला विचारलं.

"टॉर्टिया. ती मेक्सिकोची मक्याची भाकरी, दुकानात तुम्हाला भरवायचे ती. मका चुन्यात शिजव. तयार पीठ आणून मला चुना लावू नकोस."

धाकटीनं खायच्या चुन्याच्या पाण्यात मका उकळला, रात्रभर तसाच ठेवला. सकाळी हात घातला तर सालं बोटांना चिकटली, बुळबुळीत, सोललेल्या कातडीसारखी. तिला ओकारी आली. नवरा नाक दाबून म्हणाला, "स्वयंपाक चाललाय की घराला सफेदी?"

"तू बाहेर जाऊन खा."

"तेच म्हणतोय. पैसे दे."

मका पाणी बदलून बदलून चोळला, धुतला, वाटला. मावशीची लाटायची तऱ्हा वेगळी. लाटणं नाहीच. प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये गोळा ठेवायचा आणि वरून जुनी, जड इस्त्री दाबायची. गार इस्त्री. नवऱ्याच्या शर्टावरून फिरवलेली इस्त्री धाकटीनं तशीच उचलली. प्लास्टिक वितळून पिठात शिरलं, असा काही दर्प सुटला की खिडक्या उघडूनही जाईना. तो गोळा तिनं शिव्या घालत कचऱ्यात टाकला. मग इस्त्री गार होईतो बसून राहिली. पुढची टॉर्टिया तव्यावर टम्म फुगली, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

टॉर्टिया फडक्यात गुंडाळून ती तुमच्याकडे आली. बोळात फिनेल आणि मूत यांची नेहमीची झटापट. मावशीनं फडकं नाकाशी धरलं.

"तोंडाला पाणी सुटलं गं मेले. इस्त्री गार होती ना?"

"दुसऱ्या खेपेला."

"गाढव," मावशी म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी हसली.

तेवढ्यात तुम्ही आलात. "घरचं चालेल," म्हणालात, "पण मऊ करून. इथं सगळ्यांना एकच नियम." फडकं तिच्या हातातून काढून घेतलंत. दाराशीच मिक्सर होता. तुमच्या मदतनीस बाईनं टॉर्टिया फाडून त्यात कोंबल्या, पेल्यातलं पाणी ओतलं, झाकण दाबलं. मावशी उशीवरून मान वळवून ते सगळं बघत होती. वाटी आली. वर फेस, त्यात करपलेले ठिपके, मेलेल्या चिलटांसारखे. त्या सालांची ओकारी याच्यापुढे काहीच नव्हती.

"भाजलेल्याचं परत पीठ केलंत," मावशी तुम्हाला म्हणाली. "आता माझ्या गिऱ्हाइकांचे शर्टही परत चुरगळून द्या."

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. तुम्ही बाईला म्हणालात, "लिहा, घरचंही नाकारलं." आणि नळीच्या संमतीचा कागद धाकटीपुढे धरलात, वर पेनही. अगदी अदबीनं.

धाकटीनं पेन घेतलं नाही. मावशीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मावशी, जरा आ कर."

"आता तू भरवणार हे?"

"नाही गं. आ कर फक्त."

मावशीनं आ केला. वरची रांग, खालची रांग. दात पिवळे, झिजलेले, पण सगळे जागच्या जागी, तिचे स्वतःचे.

"वाका साहेब, नीट बघा," धाकटी म्हणाली. "हिला मिक्सरचं जेवण कुणी लावलं? लावण्याआधी या तोंडात कुणी डोकावलं होतं का? आधी याचं उत्तर द्या."