कटकटीची खुंटी

सासऱ्यांच्या तोंडी सदा एकच शब्द: कटकट. दुकान कपडे दुरुस्तीचं, त्यामुळे कटकटींना तोटा नव्हता. अडकलेली चेन कटकट, निसटतं अस्तर कटकट, एकच पँट तिसऱ्यांदा सैल करून मागणारं गिऱ्हाईक तर महाकटकट. चहावर साय धरली तरी कटकट! सून नवीन होती तेव्हा दचकायची, मग तिला हसू यायला लागलं.

दाराजवळ एक खुंटी होती. जे काम पाहून सासऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडत, ते त्या खुंटीवर जाई. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. सकाळी दुकान उघडलं, की डोळे आणि डोकं ताजं असताना ते आधी खुंटी रिकामी करत, मगच बाकीच्या कामाकडे वळत.

सुनेला नेमकं खुंटीवरचंच काम हवं होतं. शिवणकाम शिकून आलेली पोर, आणि वाट्याला काय, तर पँटचे पाय दुमडणं! मग ती बसल्या बसल्या विचारत राही. "बाबा, इथे हातशिलाई का?" "बाबा, हे आधी उसवलं का नाही?" सासरे हूं की चूं करत नसत.

एका दुपारी ती डबा घेऊन आली, तर सासरे फोनवर आपल्या बहिणीशी बोलत होते. "सूनबाई ना? काय सांगू तुला, कटकट आहे नुसती! टाक्याटाक्याला 'का' विचारते."

डबा ठेवून ती तशीच मागे फिरली. संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली, "मी नाही आता दुकानात जायची. तयार कपड्यांच्या कारखान्यात बघते काहीतरी. उद्या सांगून टाकते बाबांना."

"तुमचं तुम्ही बघा बाई, मला मध्ये ओढू नका," नवरा म्हणाला. शहाणाच तो.

सकाळी ती मनात वाक्यं जुळवतच दुकानात शिरली आणि थबकली. खुंटीखाली सासऱ्यांच्या स्टुलाशेजारी दुसरं स्टूल मांडलेलं होतं. खुंटीवर चामड्याचं जाकीट, त्याची चेन पार दात पडलेली.

"बाबा, मला जरा बोलायचंय."

"आधी बस. तुझे सगळे 'का' पँटवर दाखवता येत नाहीत. चामड्याला पडलेलं भोक बुजत नाही, म्हणून नवी चेन जुन्याच भोकांतून शिवायची. धर इथे."

"पण मी कटकट आहे ना? काल ऐकलं मी."

सासऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आहेसच. म्हणून तर सकाळी सकाळी घेतलीय."

तिला रडू आलं आणि हसूही. तिने जाकीट मांडीवर ओढून घेतलं.

थोड्या वेळाने नवऱ्याचा फोन आला. "सांगितलंस का बाबांना?"

"कामात आहे रे मी. काय कटकट आहे तुझी!" तिने फोन ठेवला आणि सुई उचलली. "बाबा, इथे दोरा दुहेरी का?"

आणि सासरे सांगायला लागले.