इंद्रजीतच्या घरचं मत

इंद्रजीतचा मित्र राजकुमार याने फोटोची खुर्ची हलकेच उचलून भिंतीकडे सरकवली, तेव्हा कुठे त्याचा हात स्पीकर लावायच्या प्लगपर्यंत पोचला. खुर्चीवरच्या पांढऱ्या कापडावर मेणबत्तीचा एक ओघळ गोठला होता. फोटोतला इंद्रजीत आता जरा तिरपा, आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होता.

"राहू दे तसाच," सुलेखा म्हणाली. "तिकडूनही ऐकू येईल त्याला."

बोलून गेल्यावर तिलाच कसंतरी झालं. तिने मांडीवरच्या लेकीच्या, आमूच्या तोंडातून पदराचं ओलं टोक काढून घेतलं आणि उगाच पिळलं.

सकाळी वर्षाचा कार्यक्रम झाला होता. वंदना झाली, खीर वाटली, मग रीतीप्रमाणे एकेक जण उठून इंद्रजीतबद्दल दोन शब्द बोलला. त्याच्या कंपनीतले बोलले, गारखेड्याचे आतेभाऊ बोलले. त्याचे वडील, पुंडलिकराव, तेवढे बोलले नाहीत. उस्मानपुऱ्यात कुणाच्याही घरी असा दिवस असला की शेवटचं बोलणं त्यांचंच असे. जयंतीला त्यांच्या गायन पार्टीला पार दौलताबादहून बोलावणं यायचं. माइकची भीती त्यांना कधी नव्हतीच. आज मात्र नाव पुकारल्यावर त्यांनी नुसता हात हलवला, आणि पंगत उठताच आतल्या खोलीत जाऊन बसले. वर्षभरात त्यांच्या तोंडून मुलाचं नाव सुलेखाने ऐकलं नव्हतं. हार्मोनियमच्या पेटीवर टाकलेली चादर त्यांनी एकदाही काढली नव्हती.

बायपासवर तो अपघात झाला तेव्हा आमू पोटात होती. उद्या मोठी होऊन ती विचारेल, माझे पप्पा कसे होते. सांगायला कोण कोण असेल, याचा विचार सुलेखा हल्ली दूध पाजताना, भांडी लावताना करत असे. आजी सांगेल, आत्या सांगेल. आजोबांपाशी आली की ती अडायची. त्यांना त्याच्यातलं काही आवडत होतं का, हेच तिला माहीत नव्हतं.

"काकू, तुम्ही पण बसा," राजकुमार म्हणाला. "मत द्यायचंय."

"कशाचं मत? इलेक्शन लागलं का काय?" गीताबाई, तिच्या सासूबाई, हात पुसत बाहेर आल्या.

"इंद्र्याचा तो आवडता स्वीडनचा बँड नव्हता का, त्यांचा नवा अल्बम आलाय. आमचा फोनवर ग्रुप आहे, नागपूरचे, पुण्याचे, एक जण तर शिलाँगचा. नवीन काही आलं की प्रत्येकानं आपल्या आवाजात मत टाकायचं, असा नेमच आहे. पहिलं मत कायम इंद्र्याचं. या वेळी कुणी बोललंच नाही. म्हणतात, आधी त्याच्या घरून येऊ दे."

"आमच्या घरात कुणाला काय कळतंय त्यातलं?" मोनाली म्हणाली. ती इंद्रजीतची धाकटी बहीण. "दादानं लावलं की मी कानात बोटं घालायची."

"तेच सांग. खरं बोलायचं, एवढीच अट आहे."

संध्याकाळी इंद्रजीत वाळूजच्या कंपनीतून आला की हातपाय धुवायच्या आधी स्पीकर लावायचा. ती स्वयंपाकघरातून ओरडायची, आवाज कमी कर. पुंडलिकराव ओरडत नसत. ते उठून दोन खोल्यांमधलं दार लावून घेत. कडीचा आवाज आला की इंद्रजीत हसायचा. "मिळालं बाबांचं मत," म्हणायचा. आणि हसून झाल्यावरही थोडा वेळ त्या दाराकडे बघत राहायचा.

आज ते दार अर्धं लोटलेलं होतं.

गिटार सुरू झाली. मग ड्रम, मग एका पुरुषाचा खर्जातला आवाज. सुलेखाला वाटलं होतं, ऐकवणार नाही. पण ऐकताना तिला नुसता पाठमोरा इंद्रजीत दिसत राहिला; मानेवर घामाचं मीठ, शर्टाची एक बाही दुमडलेली, दुसरी तशीच. दोन गाणी झाल्यावर राजकुमारने थांबवलं आणि फोन गीताबाईंपुढे धरला.

"इथं बोलायचं व्हय?" त्यांनी पदर सारखा केला. "गळा गोड हाय त्या माणसाचा. पर लई उदास हाय. त्याला म्हणावं, जेवलास का बाबा. एवढंच."

मोनाली फिसकन हसली, आणि फोन तिच्याकडे आल्यावर तिचं हसू गेलं. "सगळी गाणी सारखीच वाटतात मला. पण मधी सगळे थांबतात आणि तो एकटाच गातो, ते चांगलंय. तिथं दादा डोळे मिटायचा." तिने फोन झटकन परत दिला.

"वहिनी?"

सुलेखाने तोंड उघडलं. आमूने तिची बांगडी धरून ओढली. "पुढचं लाव," ती म्हणाली. "माझं नंतर."

पुढचं गाणं संथ होतं. ड्रम नव्हते, गिटार आणि आवाज, बस. पहिलं कडवं संपलं असेल नसेल, आतून खाकरल्याचा आवाज आला.

"हे जुनंच हाय."

पुंडलिकराव दारात उभे होते. सकाळचा पांढरा सदरा अजून अंगावर.

"काय म्हणालात काका?"

"गाणं जुनं हाय. आधी काळी पाच पट्टीत म्हणायचा हा गाणारा. आता खाली आलाय. काळी चार."

राजकुमारने स्पीकर थांबवला. "पहिल्या अल्बममधलं आहे, काका. इतक्या वर्षांनी परत गायलंय त्यांनी. पण तुम्हाला…"

पुंडलिकराव उंबऱ्यावरच बसले. बोलताना ते कुणाकडेच बघत नव्हते. "दार लावलं की शब्द नीट ऐकू येत नसत. आले तरी मला कुठं कळत होते? मग चालच ऐकायची. तो ड्युटीवर गेला की पेटीवर काढून बघायचो."

"म्हणजे दुपारचं ते व्हय?" गीताबाई म्हणाल्या. "आन् मला वाटायचं, जयंतीचं नवं गाणं बसवायलेत."

"मामा," सुलेखाने विचारलं. सासऱ्यांना ती मामा म्हणे. "त्याला कधी सांगितलं नाही तुम्ही?"

"सांगणार होतो. पुरतं बसलं की वाजवूनच दाखवणार होतो." त्यांनी बोटं गुडघ्यावर ठेवली, एक बोट दाबलं, उचललं, शेजारचं दाबलं. "शेवटाला एक सूर हाय, तो पेटीत घावत नाय. दोन पट्ट्यांच्या मधी कुठंतरी हाय. तारेवर ओढून काढतात ते. मी म्हणलं, तेवढा घावला की सांगू."

बाहेर गल्लीत कुणीतरी गाडीला किक मारत होतं. ती सुरू होईना.

"गळा उतरलाय त्याचा," पुंडलिकराव स्पीकरकडे बघत म्हणाले. "वय झालं. बरं हाय. व्हावं माणसाचं वय."

राजकुमारने डोळे पुसले, मग हातातल्या फोनकडे बघून ओशाळला. "काका, परत एकदा बोलाल? माझ्याकडून रेकॉर्डिंगचं बटणच दाबलं गेलं नाही."

"नगं आता." पुंडलिकराव चौकटीला धरून उठले. उठताना त्यांचा हात फोटोच्या खुर्चीच्या पाठीवर टेकला आणि थोडा वेळ तिथंच राहिला. "इंद्रजीतचं ते गाणं पुन्हा लाव. पहिल्यापासून."

राजकुमारने गाणं मागे नेलं. पुंडलिकराव आत गेले, वळले, आणि त्यांनी दार ओढून घेतलं. कडी लागल्याचा आवाज आला.

"बाबा, उघडंच राहू द्या ना, नीट ऐकू येईल…" मोनाली उठायला लागली. सुलेखाने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

मग आमूला तिने सासूबाईंच्या मांडीवर दिलं, स्पीकरपाशी गेली आणि आवाज वाढवला. दाराकडे बघून अंदाज घेतला, आणि आणखी थोडा वाढवला.