नापास करणारा वर्ग

पक्कड हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तांब्याच्या तारेवरचं प्लास्टिक तो दातांनी इतक्या सफाईने सोलायचा की सोबतची माणसं त्याला पक्कडच म्हणू लागली. कमरेला हत्यारांचा पट्टा असायचा, पण तो आपला शोभेपुरता.

एका सकाळी केबल कंपनीच्या मालकिणीने त्याला आत बोलावलं. "तांब्याचे दिवस संपले. आता सगळीकडे फायबर. तुमची अख्खी टोळी शिकायला पाठवायची आहे. गावात दोन वर्ग आहेत, कुठला घ्यायचा ते तुम्हीच ठरवा. पण एक सांगून ठेवते. प्रमाणपत्र आणेल तोच लाइनवर जाईल, बाकीचे बसतील काउंटरवर."

काउंटर म्हटल्याबरोबर पक्कडने कमरेचा पट्टा घट्ट आवळला. खांबावर चढून जगाकडे वरून बघायची सवय झालेला माणूस तो. त्याला खुर्चीत बसवणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं.

पहिला वर्ग अगदी चकचकीत निघाला. गार हॉल, मऊ खुर्च्या, पडद्यावर हलती चित्रं. तिथल्या व्यवस्थापकाने त्याला थेट हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. "तुमच्यासारखा अनुभवी माणूस आम्हालाच चार गोष्टी शिकवेल."

"फायबर कुठाय?"

"त्या काचेच्या कपाटात. हात कशाला लावता, पडद्यावर सगळं दिसतंच."

"आणि कोणी नापास झालं तर?"

"छे, आमच्याकडे कोणी नापास होतच नाही."

पक्कड शीळ घालत बाहेर पडला. प्रश्न मिटला होता. दुसरा वर्ग केवळ परतीच्या वाटेवर होता म्हणून तो तिथे डोकावला.

टायरच्या दुकानामागे एक लांबलचक खोली होती आणि भिंतभर केबलची वेटोळी. शिकवणाऱ्या बाई ठेंगण्या, चष्मा कपाळावर, बोलण्यात साखरेचा कण नाही. त्यांनी केबल आणि सोलायचं हत्यार पुढे केलं. "सोला."

पक्कडने हत्यार बाजूला ठेवलं आणि केबल सरळ तोंडात घातली.

बाईंनी ती बाळाच्या तोंडातून माती काढावी तशी ओढून काढली. "आत काच आहे. पोटात तुकडा गेला तर काय करणार? नापास."

"अहो, मी अजून सुरू कुठे केलंय?"

"सुरू नाही, संपलंसुद्धा." मग खिशातून लिमलेटची गोळी काढून त्यांनी त्याच्या हातावर ठेवली. "ही चघळा. तोंड गुंतलेलं असलं की हात शहाणे होतात."

गाल फुगवून पक्कडने हत्यार उचललं. केसासारखा बारीक धागा सोलला, पुसला, बाई दाखवतील तसा कापला. मशीनच्या पडद्यावर दोन टोकं समोरासमोर आली, बारीक ठिणगी उडाली आणि दोनाचं एक झालं.

"आता पलीकडच्या टोकापाशी तळहात धरा. डोळा लावायचा नाही."

बाईंनी इकडून लाल प्रकाश सोडला आणि तो त्याच्या तळहातावर येऊन बसला, मसुरीच्या डाळीएवढा. पक्कड खदखदून हसला. जन्मभर त्याने तारा जोडल्या होत्या, पण आपण जोडलेलं असं हातावर येऊन टेकलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्याला इतका आनंद झाला की तो खोलीभर गोल फिरला आणि टायरवाला आत डोकावून गेला.

"मग, पास?"

"गोळीशिवाय जमेल तेव्हा."

घरी तो जिना गुणगुणत चढला, तेव्हा बायकोने कमरेवर हात ठेवले. "कोणाच्या प्रेमात पडलात या वयात?"

त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एकीकडे मागायच्या आधी प्रमाणपत्र, दुसरीकडे बसायच्या आधी नापास. यात ठरवायचं काय?"

"ठरलं की. नापास करतात तो."

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि तुम्ही तर ठणठणीत आहात. परीक्षेत दात लावलेत तर काउंटरवर बसाल."

"बसेन," तो म्हणाला. "पण खांबावर चढून मी केबलला काय नुसतं प्रमाणपत्र दाखवू?"

मग वर्ग सुरू झाला. गोळ्यांच्या बरण्या रिकाम्या झाल्या, टोळीतल्या सगळ्यांचे गाल फुगले. घरी पक्कडने बिस्किटाचा पुडा दातांनी फाडला की बायको पाठीत धपाटा घाले. त्यालाही हसू येई, तिलाही.

परीक्षेच्या दिवशी बाईंनी खिशांची झडती घेऊन गोळ्या काढून घेतल्या. पक्कडने केबल उचलली. हात आपोआप वर गेला, हनुवटीपर्यंत, ओठांपर्यंत. त्याने तोंड उघडलं आणि स्वतःच्याच हाताचा आगाऊपणा बघून त्याला असं काही हसू फुटलं की दात लावणं शक्यच नव्हतं. हसता हसताच हात खाली आला आणि हत्यारावर पडला.

या वेळी पलीकडच्या टोकापाशी बाईंनी आपला तळहात धरला. लाल ठिपका बरोबर मधोमध आला. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या, आणि बघता बघता त्यांनी खिशातून गोळी काढून तिचा कागद दातांनी फाडला.

"बाई," पक्कड हळूच म्हणाला, "नापास."

दातांत कागद तसाच धरून बाई पहिल्यांदा हसल्या. "मीपण तांब्यावरचीच," त्या म्हणाल्या, आणि गोळी त्याला दिली.