खुंटीवरची कोरडी पिशवी

“पिशवी दोन महिने खुंटीवरून हललेली नाही. सांगते तुला, घरात पाळणा हलणार!”

सासूबाई हे धाकट्या बहिणीला, म्हणजे मावशींना, सांगत होत्या, शिवणयंत्रावरून मान न उचलता. न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं होतं. आत तोंड धुणाऱ्या सुनेनं नळ बंद केला. आणि जिच्याबद्दल हे चाललं होतं ती मी तिच्या डोक्याशीच लटकून ऐकत होते.

मी गरम पाण्याची पिशवी. रंगानं विटकरी, अंगावर बारीक रेघा, तोंडाला घट्ट बूच. जन्माचं फारसं आठवत नाही. साच्यातला एक ऊबदार अंधार तेवढा अजून स्वप्नात येतो. मग औषधांच्या दुकानातली खोक्यातली लांब झोप. तिथून या सुनेच्या आईनं मला उचललं. ही तेव्हा शाळेत होती.

तेव्हापासून माझं आयुष्य महिन्याच्या मापानं चालतं. एरवी लटकायचं. मग एक दिवस पोटात ऊन पाणी, आणि हिच्या ओटीपोटावर दुपारभर पडून राहायचं. ती डोळे मिटायची, मी आतल्या आत डुचमळायचे. आम्हा दोघींना एकच स्वप्न पडत असावं : नुसतं पाणी, आणि लांब कुणीतरी हळू आवाजात बोलतंय.

लग्नानंतर कपड्यांच्या घडीत दडून मीही इकडे आले. सासूबाई शिवणकामवाल्या, नजरेनंच माप घेणाऱ्या. पाळी आली का, हे त्यांनी सुनेला कधी विचारलं नाही. मी ओली की कोरडी एवढं बघायच्या, आणि ओली असले की त्या दिवशीची भांडी मुकाट्यानं स्वतः घासायच्या. चांगली माणसं. बोलण्याचीच काय ती चोरी.

मग लग्नाचे फोटो आले. “सूनबाई दोन खुर्च्या अडवून बसल्यात गं, ताई!” मावशी म्हणाल्या. सगळे हसले. हीही हसली, सगळ्यांत शेवटी थांबली.

पुढच्या महिन्यात फ्रिजच्या कोपऱ्यात एक पांढरी डबी आली. वजन, साखर सगळं तपासून डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेलं वजन उतरवायचं इंजेक्शन, आठवड्यातून एकदा. नवऱ्याला माहीत, बाकी कुणाला नाही.

हिचं जेवण निम्म्यावर आलं. सकाळी मळमळ. आणि मी खुंटीवर. सासूबाईंनी तिन्ही तुकडे जोडून टाकले. शिवण इतकी सरळ आली की उसवून बघायचं कुणाला सुचणार?

मी आपली झोपले होते. कोरड्या रबराला झोप फार. आतून अंगाला अंग चिकटतं आणि वाटतं, आपल्यात कधी पाणी नव्हतंच.

जाग आली ती हिच्या श्वासानं. माझ्यासमोर उभी राहून ही चाचणीची पट्टी बघत होती. एकच रेघ. आठवड्यानं पुन्हा केली, पुन्हा एकच. फोनवर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “वजन भराभर उतरलं, खाणं कमी पडलं, की पाळी लांबू शकते. काहींची उलट नियमित होते. पण अंदाजावर राहू नका, तपासायला या. आणि मूल हवं असेल तर आधी सांगा, तेव्हा हे औषध चालत नाही.”

घरात सांगायचं हिनं रोज ठरवलं आणि रोज गिळलं.

आज मात्र ती तोंड पुसून बाहेर गेली. दाराच्या फटीतून मला दिसत होतं. यंत्राच्या सुईखाली एक पिवळं झबलं होतं, तळहाताएवढं. एक बाही लागलेली, दुसरी लागायची होती.

“उभी नको राहूस गं, बस,” मावशी म्हणाल्या. “आता दोघांचं खायचंय!”

सासूबाईंनी झबल्यावर घाईनं एक कापड ओढलं. चेहऱ्यावरचं हसू मात्र झाकता आलं नाही. ते हसू बघून हिचा पाय अडखळला. वाटलं, गिळणार ही आजही.

ती माघारी आली आणि तिनं मला खुंटीवरून काढलं. पाणी भरायचं नसताना मला कुणी हातात धरायची ही पहिलीच वेळ. माझ्या गळ्याशी आता चीर पडलीय, फार दिवस राहिले नाहीत. पण तेवढा स्पर्श मला पुरेल. तिनं मला यंत्रावर, त्या झाकलेल्या झबल्याशेजारी ठेवलं. तिचे हात थंड होते, आवाज मात्र थंड नव्हता.

“आई, बाळ नाहीये. मी वजनाचं इंजेक्शन घेतेय, त्यानं पाळी लांबली असेल असं डॉक्टर म्हणतात. उद्या तपासायला जायचंय, तुम्ही चला माझ्याबरोबर. आणि आई, मावशी, मला काय होतंय ते या पिशवीला नका विचारू. मला विचारा.”