पंक्चर २

कावळ्यानं माझ्या डोक्यात चोच मारली तेव्हा मी गच्चीवर चड्ड्या वाळत घालत होतो. जखम म्हणावी तर नव्हती. पण खाली अंगणात धुणं पिळत बसलेल्या शैलाकाकूंनी ते बघितलं, आणि पुढचं सगळं त्या बघण्यातून झालं.

शैलाकाकू आमच्या घरमालकीण. पुंडलिकनगरात खाली त्या आणि अनंतकाका राहतात, वरच्या खोलीत मी.

"सत्यम, कावळा शिवला तुला!"

"शिवला नाही काकू, मारलं."

"एकच ते. तुझ्या आईला कळवते मी."

त्यांनीच कळवायचं, कारण माझ्याकडं मोबाईल नाही. म्हणजे आहे, पण तो हौदात आहे. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी माणसं सणासारखी जागी होतात आणि हौदात डोकावतात. मीही डोकावलो. मोबाईलची बॅटरी लावून डोकावलो. हौद भरला, मोबाईलही भरला.

मग अजिंठ्याच्या बद्रीनाथमामानं मला त्याची जुनी डिजिटल डायरी दिली. मामा विमा एजंट होता तेव्हाची. तळहाताएवढी, झाकण उघडलं की आत तांदळाच्या दाण्याएवढी बटणं आणि एक करडी काच. फक्त इंग्रजी मोठी अक्षरं; मराठीही त्यातच, उच्चाराप्रमाणे लिहायचं. इंटरनेट नाही, फोटो नाही, फोन तर नाहीच. ती फक्त लक्षात ठेवते आणि ओरडते. मला ती इतकी आवडली की मी नवा मोबाईल घेतलाच नाही. पाण्याचा दिवस, काकूंचा गॅस, ऑफिसातली बिलं, दही, सगळं तिच्यात. वेळ झाली की ती टिंटिं करते आणि काचेवर हुकूम येतो: दही आण. मी आणतो. आयुष्यात इतकं सरळ माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.

एकच कुरबुर. तिच्यात दोन सेल असतात. एक मोठा, काम करणारा. दुसरा बारका, राखणीचा; मोठा बदलताना सगळी माहिती धरून ठेवणारा. हा बारका कधीच संपला होता. डायरी रोज सकाळी तसं सांगायची, आणि मी रोज सकाळी 'ओके' दाबायचो. ओके दाबलं की काम झालं असं मला वाटतं. मोठ्या सेलबद्दलही ती दोन-तीन दिवस सांगत होती. तिथंही ओके.

तर काकूंनी देवगाव रंगारीला आईला फोन लावला. मोबाईल माझ्या कानाला धरला.

"सत्या, कावळा शिवला म्हणं?"

"आई, तो नुसता..."

"गप. मी करते बंदोबस्त. तू घरातून भायेर पडू नको."

बंदोबस्त म्हणजे काय, हे मला माहीत होतं. आमच्याकडं कावळा शिवला की त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी एका नातेवाइकाला द्यायची. त्यानं ती खरी मानायची आणि खरं रडायचं. मग घटकाभरानं त्याला खरं सांगायचं. तोवर मरणाला वाटतं, इथलं रडणं उरकलं, म्हणजे आपलं काम झालं. ते पुढच्या घरी जातं. मरणाला आमच्या गावात कुणी फार हुशार समजत नाहीत.

"कुणाला सांगणार?" मी विचारलं. एकाच माणसाची मला काळजी होती. "मामाला नको हं."

"मला कळत नाय व्हय? माझ्या भावाच्या छातीत स्प्रिंगा बसवल्यात, त्याला मी असलं सांगन का? सखारामला सांगते कन्नडला. दगडाचा हाय त्यो. त्याला काय व्हत नाय."

सखाराममामा म्हणजे आईचा चुलतभाऊ. मी डायरीत टिपलं: कावळा, झालं. आणि दही आणायला गेलो.

तासा-दीड तासानं परत आलो तर काकू दारात उभ्या होत्या, मोबाईल हातात, चेहरा पिठासारखा. पीठ दुसऱ्या हातातल्या परातीतही होतं.

"तुझ्या आईचा फोन चालू आहे. घे."

आई रडत नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं. ती अगदी हळू बोलत होती, आणि माझी आई हळू बोलते हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"सत्या, सखाराम निघाला."

"कुठं?"

"अजिंठ्याला. बद्रीला सांगायला. म्हणला, असली बातमी फोनवर सांगू नाय, समोर बसून सांगावी. आन् ठेवला फोन. मी खरं सांगाया परत लावला तर त्याच्या बायकोनं, वच्छलाबाईनं उचलला. मोबाईल घरीच इसरला म्हणं. गाडीवर गेलाय."

"मग मामाला लाव ना!"

"बद्रीचा नंबर बदललाय."

हे खरं होतं. ऑपरेशन झाल्यावर मामाला जुने विमेदार फोन करून भांडायचे. डॉक्टर म्हणाले, धक्का बसता कामा नये, एकही. म्हणून मामीनं नंबर बदलला आणि कुणालाही दिला नाही. सख्ख्या नणंदेलाही नाही, कारण आई एकदा बोलायला लागली की मामाला धाप लागते. नवा नंबर मामीनं एकट्या मला दिला. तिचा हिशोब सरळ होता: ज्याच्याकडं फोनच नाही, तो उगाच फोन करणार नाही.

मामा राहतो गावाबाहेर मळ्यात. शेजार नाही. घरात फोन एकच. इथून एसटीनं जावं तर सखाराममामा माझ्या कितीतरी आधी पोचणार. तो मामासमोर बसणार, टोपी काढणार, आणि म्हणणार, बद्री, सत्या गेला.

मामाला मूलबाळ नाही. दहावीपर्यंत माझी फी त्यानं भरली, आणि निकालाच्या दिवशी माझ्यापेक्षा जास्त तो घाबरला होता. त्या वाक्यानंतर तो उठणार नाही, हे मला गणितासारखं दिसत होतं. म्हणजे कावळा मला शिवणार आणि मरणार मामा.

"नंबर माझ्याकडं आहे," मी म्हणालो. डायरी काढली. घाईत अंगठ्यानं एका वेळी चार बटणं दाबली.

मामाच्या नावानं काही नव्हतं.

मग आठवलं. मामी म्हणाली होती, कुणाला कळू देऊ नको. म्हणून मी तो दुसऱ्याच नावानं ठेवला होता. कुठल्या, ते आठवेना. त्या दिवशी मी स्वतःला फार हुशार समजलो होतो एवढंच आठवत होतं.

"अरे, आठव ना!" अनंतकाका बाहेर आले होते. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. धरण फुटलं तरी आधी चष्मा शोधतात. "मामा म्हटल्यावर तुझ्या मनात काय येतं?"

"स्प्रिंगा."

"एस खाली बघ."

एसखाली 'सायकल', 'सिलिंडर' आणि 'सुतार'. मी वरून एक एक नाव बघत खाली यायला लागलो. दूधवाला, खरा दूधवाला, लाईटवाला. काच आता धुरकट झाली होती. आणि मग दिसलं: पंक्चर. मामाच्या हृदयाला मी पंक्चर म्हटलं होतं. अशा माणसाला कावळ्यानं मारलंच पाहिजे.

काकूंनी नंबर लावला, मी बोललो. "मामा? मामा, घाबरू नको, मी जिवंत आहे!"



"हौ भाई, अच्छी बात है," एक आवाज म्हणाला. "पंक्चर का क्या है वो बोलो."

तो खरा पंक्चरवाला होता. म्हणजे खाली 'पंक्चर २' असणार. मी बटण दाबलं, अक्षरं आली, आणि डायरी टिंटिं करून ओरडायला लागली. काचेवर हुकूम: दही आण.

"आणलं!" मी किंचाळलो. "आणलंय दही!"

ओके दाबलं. पण त्या ओरडण्यात तिचा उरलासुरला जीव गेला असावा. काच इतकी फिकट झाली की आकडे आहेत की माझ्या डोळ्यांपुढचे काजवे, कळेना.

"सेल बदल," काका म्हणाले. "माझ्या वजनकाट्यात तसलाच आहे."

"बदलला तर सगळं पुसेल काका. राखणीचा सेल मेलेला आहे."

"मग तो का नाही बदललास?"

सवयीनं मी ओके म्हणणार होतो.

ती काच कडक उन्हात तिरकी धरली तर थोडी दिसते. कडक ऊन गच्चीवर होतं. आणि गच्चीवर तोही होता. टाकीच्या झाकणावर बसला होता, माझ्याच चड्ड्यांकडं बघत. आम्ही तिघं जिन्याच्या तोंडाशी थांबलो.  पुन्हा शिवला तर? एका दिवसात दोनदा शिवला तर कुणाला सांगायचं, हे आईनंही कधी सांगितलं नव्हतं.

काकूंनी हातातली परात तशीच, पिठासकट, माझ्या डोक्यावर धरली. पीठ माझ्या कपाळावर सांडलं. डायरी सावलीत गेली आणि काच कोरी झाली.

"काकू, परात काढा."

"अरे, तो बसलाय!"

"परातीखाली दिसत नाही. काढा. आणि मी सांगतो ते आकडे लिहा."

"कशानं लिहू? पेन नाही."

"पिठात लिही ना!" काका ओरडले. ते चष्मा पुसत होते.

मी उघड्या डोक्यानं उन्हात गेलो. कावळ्याकडं पाठ केली, कारण त्याच्याकडं तोंड केलं तर काच उन्हाकडं येत नव्हती. त्याची नखं झाकणावर खरवडल्याचा आवाज येत होता. मी एक एक आकडा वाचत होतो, काकू जिन्यात बसून पिठात बोटानं काढत होत्या. मागं पंख फडफडले. मान मी सरळ ठेवली. शेवटच्या आकड्यावर आलो आणि काच विझली.

"शेवटचा?" काकू.

"तीन. नाही, आठ. अर्धाच दिसला."

कावळा उडून समोरच्या टीव्हीच्या डिशवर जाऊन बसला होता. त्यानं काहीच केलं नव्हतं. याची मला जास्त भीती वाटली.

आधी आठ लावला. एक बाई अगदी शांतपणे म्हणाली, की हा अस्तित्वात नाही. मला वाटलं मामाबद्दल सांगतेय. काका म्हणाले, अरे, नंबर, नंबर.

मग तीन. रिंग जायला लागली, आणि तेव्हाच ते माझ्या डोक्यात आलं.

"काका, सखाराममामा पोचला असेल तर?"

"तर काय? तू सांग, मी जिवंत आहे."

"पण मामाला आत्ताच कळलं असेल की मी मेलो. आणि लगेच माझाच आवाज!"

काकांनी चष्मा काढला. मेल्याच्या बातमीनं माणूस कदाचित वाचेल. मेलेल्याच्या फोननं नाही.

"तुम्ही बोला," मी मोबाईल त्यांच्या हातात कोंबला.

"मी परका माणूस! परक्यानं फोन करून तुझं नाव घेतलं की तो पोलीसच समजेल. शैला, तू बोल."

"मी बाई रडेन."

मोबाईल तिघांत फिरत होता, रिंग जात होती, आणि ज्याच्या हातात तो असताना ती थांबली तो मीच होतो.

"हॅलो," मामा म्हणाला.

मामाचा आवाज. मागं कुणीतरी हुंदके देत होतं.  पोचला होता तो.

"हॅलो? कोण हाय? जरा नंतर करा, इथं सखारामदादा आलेत. आल्यापासून नुसते रडायलेत, काय झालं ते सांगंनात. मी पाणी देतोय, पीत नाय. बहुतेक म्हैस गेली."

सांगितलं नव्हतं. दगडाला सांगवत नव्हतं. मी तिथंच जिन्यात खाली बसलो.

"मामा, मी सत्यम. काकूंच्या फोनवरून. एक ऐक, कावळा..."

"सत्या! बरं झालं तू केलास. तूच समजाव यांना, तुझं ऐकतील." आणि मी नाही म्हणायच्या आत त्याचा आवाज लांब गेला. "दादा, उठा. हा घ्या फोन. आपला सत्या हाय."

"मामा, नको देऊ! मामा!"

हुंदके थांबले. फोन कुणाच्या तरी कानाला लागला. जाड श्वास ऐकू आला. मी काय बोलायला हवं होतं, ते मला आजही सुचलेलं नाही. मी म्हणालो, "सखाराममामा, मी बोलतोय."

धाडकन आवाज झाला. मग काही भांडी. मग काहीच नाही.

कोण पडलं? आम्ही तिघं एका मोबाईलला कान लावून बसलो. काकूंनी माझा हात धरला होता, पीठ आणि घाम मिळून त्याची कणीक झाली होती. पलीकडं पंख्याची घरघर ऐकू येत होती. मामा, मी मनात म्हणत होतो, मामा, बोल. डिशवरचा कावळा मान वाकडी करून ऐकत होता.

"अयाई गं," मामीचा आवाज आला. "धरा, धरा!"

"कुणाला?" मी ओरडलो. "मामी, कुणाला?"

मग धापा टाकत मामा.

"सत्या, ठेव फोन. दादा आडवे झाले. मला पाय धरायचेत."

मामाला. पाय. धरायचेत. म्हणजे मामा उभा होता. काकू रडल्या, काका रडले, आणि मी रडत नाही हे सांगताना माझा आवाज फुटला.

सखाराममामाला कांदा हुंगवून उठवलं. सगळं कळल्यावर मामा इतका हसला की मामीनं त्याला हाताला धरून खाटेवर बसवलं. आई समाधानी होती. "खरं रडला ना त्यो? मग झालं. आता बद्रीचा नंबर दे."

"पिठात होता," मी म्हणालो. काकूंनी खरंच पोळ्या करायला घेतल्या होत्या.

डायरीत मी आता दोन्ही सेल नवे घातलेत. आतलं सगळं पुसलं गेलं. काकूंच्या मोबाईलवरून मामाचा नंबर पुन्हा घेतला, आणि बी खाली बद्रीनाथमामा या नावानंच ठेवला. गच्चीवर चड्ड्या वाळत घालायला आता काका जातात, टोपी घालून.

सखाराममामा दिवाळीत मला भेटला. दारातून आत येईना. आधी त्यानं वाकून माझे पाय बघितले, पंजे पुढं आहेत की मागं.

तो आत गेल्यावर मीही एकदा बघून घेतले.