इस्त्रीवाली येईल

मूल जेवेना की वस्तीतल्या आयांकडे एक रामबाण उपाय होता. “घास घे, नाहीतर इस्त्रीवाली येईल!” कोपऱ्यावरच्या टपरीत इस्त्री करणारी ती बाई बारा महिने तोंडाला फडकं बांधून असे. फडक्याखाली काय आहे ते कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून तर धाक चालायचा. घरी बसून गोण्या शिवणाऱ्या चिमीच्या आईने तो सगळ्यात जास्त वापरला होता.

गोवर उतरला तरी चिमीला अन्न जाईना. मग हिरडी चिघळली, गाल सुजला आणि तोंडाला असा वास सुटला की आईनेच मान फिरवली. आपण मान फिरवली याची तिला फार लाज वाटली.

“दात किडलाय, लवंग धर,” सासूबाई म्हणाल्या. “आणि बाहेर नेऊ नकोस, लोक नावं ठेवतील.”

लवंग धरली, पण आईचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. टाका घालायची, उठायची, गाल बघायची, पुन्हा बसायची. सुई बोटात शिरली तरी पत्ता नाही. सकाळी गालावर काळा डाग दिसला तशी तिने पोर उचलली आणि लवंगा आणायच्या निमित्ताने सटकली. जायचं कुठे, हे मात्र सुचत नव्हतं.

“थांब,” टपरीतून हाक आली. “हा वास मला माहितीये.”

इस्त्रीवालीने फडकं सोडलं. एका बाजूचा गाल नव्हताच. दात उघडे पडले होते.

“माझ्या आईनेही मला घरातच ठेवलं होतं,” ती म्हणाली. शब्द अर्धे वाऱ्यावर जात होते. “आजच औषध पडलं तर गाल राहील. मोठ्या दवाखान्यात चल. रडतेस काय, पाय उचल!”

वाटेत लोक वळून बघत होते. तिने फडकं बांधलं नाही.

“वेळेत आणलंत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पण औषध आत्ता पोटात जायला हवं.” चिमीने मात्र ओठ घट्ट मिटले. आईचा जीव टांगणीला लागला. सवयीने तिच्या तोंडून गेलं, “घे गं, नाहीतर...” आणि जीभ अडकली.

“बोल की,” इस्त्रीवाली म्हणाली. “रोज ऐकते मी.” ती चिमीसमोर उकिडवी बसली. “हे बघ, आले मी.”

चिमी तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

“तुला पण दुखलं?”

“खूप.”

चिमीने तोंड उघडलं. आईला मात्र मान वर करवेना.